निवांत जागा कोणासाठी निवांत? परदेशी शिकवायला गेलेल्या तीन मराठी माणसांकडून काय शिकायचं

मागच्या लेखात आपण विषय आणि प्रश्न यांतला फरक पाहिला होता. विषय म्हणजे शेत आणि प्रश्न म्हणजे त्यातली एक बांधी, असं मी म्हटलं होतं. आज प्रश्न कसा तयार होतो ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण माझं स्वतःचं आहे, आणि त्याचं उत्तर मला या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायचं आहे.

झालं असं. माझं पीएच.डी.चं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत शिकवण्यासाठी परदेशी गेलेल्या मराठी माणसांवर आहे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत असताना मलाच वर्षभर परदेशात शिकवायला येण्याबद्दल दोन ठिकाणांहून विचारणा झाली. एक युरोपातलं लहानसं विद्यापीठाचं गाव. दुसरं आग्नेय आशियातलं प्रचंड गर्दीचं शहर. काम साधारण सारखंच, पगारातही फार फरक नाही. प्रश्न एवढाच की राहायचं कुठे?

मी सध्या सानगडीला घरी आहे. साकोली तालुक्यातलं हे आमचं गाव, भंडारा जिल्ह्यात. जुना पडका किल्ला, भोवती धानाच्या बांध्या, उन्हाळ्यात आटणारे आणि पावसाळ्यात भरून वाहणारे तलाव. इथे बसून मी जे तुम्ही कोणीही केलं असतं तेच केलं. एक एक्सेल शीट उघडली. घरभाडं, हवामान, गुन्हेगारी, दवाखाना, बससेवा, असे रकाने टाकले. जगातल्या राहण्यायोग्य शहरांच्या याद्या शोधल्या आणि गुण मांडले. युरोपातलं गाव सहज जिंकलं. मी खूश होऊन ती शीट मार्गदर्शक सरांना पाठवली.

सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. "हे आकडे कोणी, कोणासाठी गोळा केले?"

हा प्रश्न मी गेली चार वर्षं दफ्तरातल्या प्रत्येक कागदाला विचारत आले आहे. स्वतःच्या आयुष्याचा कागद समोर आला तेव्हा मात्र विसरले.

यादी हेही एक साधनच

इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची राहण्यायोग्य शहरांची यादी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. व्हिएन्ना २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं पहिलं होतं, २०२५ साली कोपनहेगन वर आलं. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा अशा पाच गटांत गुण दिले जातात. स्थैर्य आणि संस्कृती-पर्यावरण यांना प्रत्येकी २५ टक्के, शिक्षणाला फक्त १०.

आता ही यादी वापरतं कोण? मोठ्या कंपन्या. एखाद्या अधिकाऱ्याला अवघड शहरात पाठवायचं तर पगारावर किती भत्ता द्यायचा, हे ठरवायला असल्या याद्यांचा उपयोग होतो. म्हणजे यादीच्या मनातला माणूस कोण, तर कंपनीने पाठवलेला, घर आणि व्हिसा कंपनीने बघितलेला, अडचण आली तर परत बोलावला जाणारा. एका वर्षाच्या करारावर भाषा शिकवायला जाणारी, स्वतःचा व्हिसा स्वतः काढणारी, घरी पैसे पाठवणारी मुलगी त्या यादीत नाहीच. व्हिसा किती महिन्यांत मिळतो, घरमालक परक्याला खोली देतो का, वर्ष संपल्यावर काय, हे रकाने तिथे नाहीत.

यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. साधनचिकित्सा म्हणून आपण जे शिकतो ते मुळात एवढंच आहे: या कागदाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय ते आधी ओळखा, मग त्याला आपला प्रश्न विचारा.

मग मी शीट बंद केली आणि माझ्याच प्रबंधातल्या माणसांकडे वळले. यांनी हाच निर्णय घेतला होता. त्यांनी काय पाहिलं? तिघांचं सांगते.

पंडिता रमाबाई: निवांत गावातला पहारा

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. नवरा आदल्या वर्षी वारलेला, मुलगी मनोरमा दोन वर्षांची. जायचा खर्च त्यांनी स्वतःच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या पैशांतून उभा केला. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. त्यांना माहीत असलेलं ठिकाण एकच होतं. पुण्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींचा मूळ मठ वाँटेज या गावी होता. बोलणं असं झालं की रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचं आणि बदल्यात त्यांच्या राहण्याची, शिकण्याची सोय व्हायची.

आजच्या भाषेत सांगायचं तर राहण्या-जेवणासह नोकरी. गाव छोटं, बाजारपेठेचं, सुरक्षित. माझ्या शीटमध्ये वाँटेजला भरघोस गुण मिळाले असते.

पण पुढे काय झालं बघा. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीने बाटवतील ही भीती तिच्या मनात बसली होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. चेल्टनहॅम हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं टुमदार गाव. हिंदुस्थानात नोकरी करून निवृत्त झालेले इंग्रज अधिकारी तिथे घरं घेऊन राहत. त्यांच्यासाठी ते गाव निवांतच होतं.

रमाबाईंचा जीव मात्र पत्रं लिहिण्यात चालला होता. शाकाहार का सोडत नाही, याचं उत्तर द्यायचं. धर्मातलं अमुक तत्त्व का मान्य नाही, याचं उत्तर द्यायचं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला तेव्हा भारतातल्या बिशपांनी विरोध केला. पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिचं वजन कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. काय शिकवायचं, कोणाला शिकवायचं, काय खायचं, या तिन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या चर्चेचा विषय झाल्या होत्या. १८८६ च्या सुरुवातीला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं निमित्त झालं, रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिकडेच राहिल्या.

हे आपल्याला कळतं कसं? वाँटेजच्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डाइन यांनी ही पत्रं जपून ठेवली आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती पुस्तकरूपाने आली. एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्र हे चालू भांडणातलं साधन असतं. त्यात राग ताजा असतो, पण शेवट लिहिणाऱ्यालाही माहीत नसतो. म्हणून राहण्याच्या जागेबद्दल पत्रं फार उपयोगी. दहा वर्षांनी तोच माणूस त्या जागेबद्दल बरंच मवाळ लिहितो.

धर्मानंद कोसंबी: कमी पैशातली मोकळीक

धर्मानंद गोव्यातल्या सांखवाळचे. जन्म १८७६. बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडलं, काशीला संस्कृत शिकले, सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले. परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवत होते. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून प्रस्ताव आला: महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, महिना ५० रुपये देतो. कलकत्त्यात याहून जास्त मिळत होतं. धर्मानंदांनी ५० रुपये स्वीकारले. आपल्या माणसांत पाली नेता यावी, हे त्यांना पगारापेक्षा मोठं वाटलं.

मग १९१० साली हार्वर्डहून बोलावणं आलं. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम अर्धं राहिलं होतं. ते गेले. अमेरिकेतलं केंब्रिज म्हणजे विद्यापीठाचं गाव, ग्रंथालय दाराशी, काम आवडीचं. तरी १९१२ ला ते परतले. संपादनाचं श्रेय कोणाचं, मुखपृष्ठावर नाव कसं यायचं, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी पटलं नव्हतं. १९१८ ला पुन्हा गेले, या वेळी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना घेऊन. हा दामोदर म्हणजे पुढचे इतिहासकार दा. ध. कोसंबी. त्यानंतर १९२६ आणि १९३१ असे आणखी दोन मुक्काम हार्वर्डला, आणि मध्ये १९२९ ला लेनिनग्राड. हार्वर्डचा तो ग्रंथ छापून आला १९५० साली. धर्मानंद १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला वारले होते.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, धर्मानंदांनी परदेश एकदाच निवडला नाही. ते चार वेळा हार्वर्डला गेले आणि चारही वेळा परत आले. जागा म्हणजे कायमचा संसार असं त्यांनी धरलंच नाही. एक काम, त्या कामापुरता मुक्काम. दुसरी, त्यांचा त्रास गावाशी नव्हता, श्रेयाशी होता. ग्रंथालय कितीही शांत असो, आपण केलेल्या कामावर आपलं नाव येणार की नाही हे ठाऊक नसेल तर तिथे झोप लागत नाही. संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने हे आत्ताच लिहून ठेवावं.

साधन म्हणाल तर इथे आत्मचरित्र आहे, 'निवेदन', १९२४ चं. आत्मचरित्र पत्रासारखं नसतं. लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळे प्रत्येक वळण ठरवून घेतल्यासारखं दिसतं. ५० रुपयांचा निर्णय त्या दिवशी इतका स्वच्छ वाटला होता का? आपण वाचताना हा प्रश्न बाजूला लिहून ठेवायचा.

पांडुरंग खानखोजे: अशांत देशातली स्थिर नोकरी

तिसरे आपल्या विदर्भातले. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्याचा, शिक्षण वर्धा आणि नागपूर. क्रांतीच्या कामासाठी विशीतच देश सोडला. अमेरिकेत लष्करी शिक्षण घेतलं, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढले. मग बर्लिन, १९२१ ला मॉस्को. १९२४ साली मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

त्यांच्या जागी स्वतःला ठेवून १९२४ चा नकाशा उघडा. भारत? उतरल्या बरोबर अटक. इंग्लंड आणि इंग्रजांच्या वसाहती? तेच. अमेरिका? १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गदरवाल्यांवर खटला उभा राहिला. १९२३ ला भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. जर्मनी? १९२३ च्या महागाईत पावासाठी नोटांचे गठ्ठे लागत होते.

उरला मेक्सिको. तो निवांत होता का? अजिबात नाही. १९१० पासून दहा वर्षं यादवी. १९२३-२४ ला पुन्हा बंड. १९२६ ते १९२९ चर्च आणि सरकार यांच्यात रक्तरंजित लढाई. कुठल्याही यादीत 'स्थैर्य' या रकान्यात शून्य.

आणि तरी या माणसाचं आयुष्य स्थिर झालं ते तिथेच. का? चार कारणं मला दिसतात. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकन क्रांतीतल्या लोकांशी ओळखी झाल्या होत्या, त्यामुळे पोहोचल्यावर दार ठोठवायला घरं होती. इंग्रजांचा हात तिथपर्यंत सहज पोहोचत नव्हता. जमीन कसणाऱ्यांना देण्याचा विषय त्या देशात ऐरणीवर होता आणि यांना येत होती शेती, म्हणजे त्यांची गरज होती. चौथं, विद्यालयाची जागा नवी होती. ते १९२३ ला मेक्सिको शहरातून टेक्सकोकोजवळच्या एका जुन्या जहागिरीत हललं होतं. जमिनीतून उत्पन्न काढायला शिकवा, माणसाची पिळवणूक करायला नाही, अशा अर्थाचं त्या विद्यालयाचं ब्रीद. जहागीरदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांची पोरं शिकत होती आणि तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर दिएगो रिवेरा चित्रं काढत होता.

खानखोज्यांनी मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या, तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले, रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भित्तिचित्रात त्यांना पाव वाटून देणारा माणूस म्हणून बसवलं. १९३६ ला लग्न केलं, दोन मुली झाल्या. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ च्या जानेवारीत नागपूरला वारले. २०२२ साली मेक्सिकोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

त्यांच्या आयुष्याचं मोठं साधन म्हणजे मुलगी सावित्री साहनी यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र, २००८ चं. मुलीने लिहिलेल्या चरित्रात घर दिसतं, जे पोलिसांच्या फायलीत दिसत नाही. पण मुलीला ते गाव तिचं बालपण म्हणून आठवतं. बापाला ते कसं वाटलं असेल, हा वेगळा प्रश्न. दोन्ही प्रकारचे कागद शेजारी ठेवूनच वाचायचे.

मग प्रश्न कसा बदलला

तिघांना शेजारी मांडल्यावर माझ्या लक्षात आलं की "निवांत जागा कुठली?" हा प्रश्नच सैल आहे. निवांतपणा हा गावाचा गुण असल्यासारखा आपण तो विचारतो. पण वाँटेज जोगिणींसाठी निवांत होतं, आनंदीबाई भगतांसाठी नव्हतं. एकाच घरात, एकाच वर्षी.

आमच्या सानगडीचंच घ्या. नवेगावबांध, नागझिऱ्याला आलेले शहरातले पाहुणे या भागातून जाताना म्हणतात, काय शांत आहे हो इथे! रोवणीच्या दिवसांत या म्हणावं. सकाळपासून चिखलात वाकलेल्या बायकांना विचारा शांत आहे का. मामा तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार यावरून काय आवाज चढतात ते ऐका. दिवाळीनंतर नाटकांचे दिवस आले की रात्रभर मांडव जागा असतो. आणि ज्या पोरांना इथे काम मिळालं नाही ती नागपूर, पुणे, हैदराबादला गेलीत. त्यांच्या रिकाम्या खोल्यांची शांतताही यात धरायची की नाही?

म्हणून सुधारलेला प्रश्न असा: *कोणत्या माणसाला, कोणत्या साली, कोणत्या अटींवर, ती जागा निवांत झाली?* यात कर्ता आला, काळ आला, अटी आल्या. आता हा प्रश्न दफ्तरात घेऊन जाता येतो. करारनामा शोधा, पत्रं शोधा, त्या वर्षीचा परदेशी लोकांबद्दलचा कायदा बघा. रमाबाई गेल्या तेव्हा पासपोर्टची सक्ती नव्हती. १९२० ला भारतात पासपोर्टचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या माणसासाठी 'जागा निवडणं' याचा अर्थच पालटला. 'कोणत्या साली' हा शब्द प्रश्नात नसता तर हा फरक मला दिसलाच नसता.

आणि माझं काय?

तिघांकडून मी पाच प्रश्न काढले आणि दोन्ही ठिकाणी ईमेलने विचारले.

१. मी काय आणि कोणाला शिकवायचं हे कोण ठरवणार?
२. राहण्याची खोली नोकरीला बांधलेली आहे का? म्हणजे नोकरीत मतभेद झाले तर घरही जाणार का?
३. मी तयार केलेल्या अभ्याससाहित्यावर नाव कोणाचं?
४. व्हिसा कोणत्या कागदावर मिळतो आणि वर्ष संपल्यावर किती दिवस राहता येतं?
५. पहिल्या महिन्यात आजारी पडले तर मी कोणाच्या दाराशी जाऊ?

युरोपातल्या गावाकडून सौजन्याने उत्तर आलं. खोली विभागप्रमुखांच्या घरातच वरच्या मजल्यावर, भाडं अगदी कमी. अभ्याससाहित्य विभागाच्या नावावर. पाचव्या प्रश्नाला हेल्पलाइनचा नंबर. दुसऱ्या शहराकडून उत्तर यायला नऊ दिवस लागले. खोली स्वतः शोधावी लागेल, पण तिथे आधी शिकवून गेलेल्या दोघींचे पत्ते सोबत होते, आणि साहित्यावर शिक्षकाचं नाव असतं असं स्पष्ट लिहिलेलं.

आजीला मी दोन्ही गावांचे फोटो मोबाइलवर दाखवले. तिने युरोपातल्या गावाचा फोटो बराच वेळ पाहिला. दगडी रस्ता, फुलांच्या कुंड्या. मग म्हणाली, "बाई, रस्त्यावर मानूस नाई दिसत एक बी. बोलशील कोनासंग?"

मी गर्दीच्या शहराला होकार कळवायचं ठरवलंय. बरोबर ठरवलं की नाही, माहीत नाही. रमाबाईंनाही बोटीत बसताना माहीत नव्हतं. पण निदान या वेळी मी माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधलंय, कंपनीच्या भत्त्याचं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने युरोपचं सगळ्या आळीत सांगून ठेवलंय.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयाचं नाव एका ओळीत लिहा. त्यात "चांगलं", "शांत", "मागास", "प्रगत" असा एखादा गुणवाचक शब्द असेल तर त्याखाली रेघ मारा आणि विचारा: कोणासाठी, कोणत्या साली, कोणत्या अटींवर? मग ज्या कागदातून तो शब्द तुमच्याकडे आला तो कोणी, कोणासाठी लिहिला, हे शोधा. एवढं केलंत तर संशोधन आराखड्याचं पहिलं पान झालंच म्हणून समजा.